पितळी तारेचं चाक

ज्या बाईच्या घरात मशीन नाही तिला तारेच्या तुकड्याचा जाच सांगून कळणार नाही. केसासारखा बारीक, नखाएवढा लांब, आणि घरात अशी जागा नाही की जिथे तो सापडत नाही. चटईत, अंथरुणात, धुऊन वाळवलेल्या धोतराच्या घडीत. आम्ही जैन, पाणी गाळून प्यायची आमची रीत. लोकांच्या गाळण्यावर काडीकचरा राहतो, माझ्या गाळण्यावर तारा राहायच्या. पायात तर रोज एक ठरलेली. उंबऱ्यावर बसून सुईनं ती काढताना ह्यांच्या त्या ब्रशाला मी काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही.

लढाईची वर्षं होती. बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या एका बोळात सासऱ्यांच्या मालकीची तंबाखूची जुनी वखार रिकामी पडली होती. आमचं घर निपाणीकडच्या खेड्यात, शेती आणि तंबाखूचा व्यापार. चार भावांत हे धाकटे. ह्यांना लहानपणापासून तंबाखूचा ढीग बघितला की झोप यायची आणि चाक फिरताना दिसलं की जाग. बेळगावात दुसऱ्याच्या कारखान्यात थोडं शिकले, मग वडिलांच्या मागे लागून ती वखार मागून घेतली आणि तिथे एक जुनं तेलाचं इंजिन आणून बसवलं. वर आढ्याजवळ लांब लोखंडी दांडा, इंजिनानं तो फिरायचा. दांड्यावरून एक पट्टा खाली यायचा आणि छोटा गज गरगर फिरवायचा. त्या गजाच्या टोकाला तारांचा गोल ब्रश, भाकरीएवढा. गंजलेली वस्तू त्याच्यावर नुसती धरायची, की आतलं कोरं लोखंड बाहेर. सायकलची चाकं, पंपाचे भाग, कुलपं, बँडवाल्यांची वाजवायची नळकांडी, सगळं यायचं. वखारीच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड.

त्या दोन खोल्यांची किंमत मला विचारा. गावाकडच्या घरात आम्ही चार जावा. दिवस मावळला की आमच्यात अन्न खात नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या नियमाचा अर्थ बाईच्या बाजूनं काय होतो ते कुणी सांगत नाही. आधी घरातले पुरुष, मग गडीमाणसं, मग मुलं, मग सासूबाई, मग थोरल्या जावा. सगळ्यात शेवटी धाकटी. हिवाळ्यात दिवस कासराभर राहिला की माझं लक्ष भाकरीपेक्षा पश्चिमेकडे जास्त. कितीदा तरी मी माझं पान वाढून घेतलं आणि ऊन भिंतीवरून उतरून गेलं. मग सासूबाई म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे आता. दिस गेला." भरलेलं पान मी झाकून ठेवायची आणि पाणीसुद्धा न पिता निजायची. बेळगावात माझी चूल माझी होती. मला भूक लागली की मी जेवायची. ही चैन ज्यांना वाटत नाही त्यांनी कधी चार जावांत शेवटचं पान घेतलेलं नाही.

हे सगळं सुखानं चाललं होतं तोवर आप्पा कारखाना बघायला आले. आप्पा म्हणजे माझे सासरे. आवाज कधी चढायचा नाही, पण बोललेलं मागे यायचं नाही. त्यांनी काठी टेकून सगळीकडे बघितलं आणि त्यांची नजर पट्ट्यावर थांबली.

"ह्यो कशाचा?"

"चामड्याचा, आप्पा. समद्या कारखान्यात चामड्याचाच असतोय."

"समद्या कारखान्यात असू दे. आपल्या वखारीत न्हाय."

मग त्यांनी फळीवरचा दुसरा ब्रश उचलला. तो मऊ केसांचा होता, पितळेला चकाकी आणायला. कसले केस, म्हणून त्यांनी विचारलं. ह्यांनी ब्रश परत घ्यायला हात पुढे केला. शेवटी म्हणाले, "डुकराचे." आप्पांनी तो जागच्या जागी सोडून दिला. शेजारी पॉलिशची वडी होती, तिच्यात चरबी असते हेही मग सांगावंच लागलं. आप्पा परसात गेले, विहिरीवर आंघोळ केली, आणि ओल्या पंच्यानं परत येऊन उभे राहिले. मी दाराच्या आड होते. तंबाखूच्या धंद्यात किती जीव मरतात हे त्यांना विचारावं असं मला वाटलं होतं, पण तेव्हा माझी जीभ अजून गावाकडचीच होती.

ते ह्यांना म्हणाले, "माघात बस्तीची मोठी पूजा हाय. बस्तीतली समदी पितळी भांडी काळी पडल्यात. तुझ्या मशीनवर ती उजळून दे. जनावराचं काय बी लावायचं न्हाय, पट्टा बी न्हाय, केस बी न्हाय, चरबी बी न्हाय. देवाच्या कामाला आलं तर ह्यो धंदा खरा. न्हाय तर वखारीला कुलूप घाल आन् बिऱ्हाड घेऊन गावाकडं ये."

बस्ती म्हणजे आमच्या गावचं जैनांचं देऊळ. हे लगेच "व्हय, आप्पा" म्हणाले. मी दाराआड मनातल्या मनात माझं शेवटचं पान वाढून घेतलं.

केसांचा ब्रश गेला, तेव्हा राहिला तारांचा. पोलादी तारेनं पितळेवर चरे पडतात, म्हणून तार पितळी हवी, आणि एवढ्या भांड्यांना पुरून उरायची तर टिकाऊ हवी. एवढं सरळ काम. पण लढाईमुळे विलायती माल बंद. हे खडेबाजारात दुकानामागून दुकान हिंडले. शेवटी एका कानडी दुकानदारानं माळ्यावरून एक खोका काढला. टिकेल का, म्हणून ह्यांनी विचारलं. तो म्हणाला, "भाळ गट्टि ऐत्रि." हे खुशीत घरी आले. "लई गट्टी हाय म्हणालाय," असं मला दोनदा सांगितलं.

आमच्या भागात ह्या गट्टी शब्दानं लोकांचं वाटोळं केलंय. कानडीतून आला आणि मराठीत पाय पसरून बसला. नारळ कडक असला तरी गट्टी, मडकं जाड असलं तरी गट्टी, माणूस मोठ्यानं बोलला तरी गट्टी बोलतो. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "पोरगी गट्टी हाय." म्हणजे कामाला पुरेल. दुकानदाराचं गट्टी म्हणजे कडक, ह्यांचं गट्टी म्हणजे टिकाऊ. दोघेही खरं बोलले आणि वाट लागली माझ्या घागरीची.

कारण बस्तीची भांडी यायला वेळ होता, तेव्हा ब्रश पारखायला ह्यांनी माझी माहेरची पितळी घागर नेली. मला विचारलं नाही. तो ब्रश निघाला पोलादाचाच, खराट्याच्या काडीसारख्या ताठ तारांचा. हे म्हणाले, पितळी मिळालाच नाही, हात हलका ठेवला तर चालेल असं वाटलं. घागर परत आली तेव्हा मांजरानं ओरबाडल्यासारखी दिसत होती. काठावर आईनं माझं नाव घालून दिलं होतं, त्यातली अर्धी अक्षरं गेली. आणि तो गट्टी ब्रश, त्याच्या तारा मुळापासून मोडून पडल्या. ताठ तार वाकत नाही, ती मोडतेच. मी घागर ह्यांच्यापुढे ठेवली.

"गळती का?" ह्यांनी विचारलं.

"गळत न्हाय. पर नाव गेलं माझं."

"मग झालं तर. पाणी नावात भरत न्हाईत."

दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण ते पुन्हा बाजारात गेले होते.

दुसरा ब्रश दिसायला सोन्यासारखा पिवळा. आमच्या घरची समई त्यावर धरली, आणि खरंच, मी हसले. एवढी लख्ख समई मी लग्नातही पाहिली नव्हती. ती देवापुढे लावली. मग तिच्यावर तांबूस ठिपके उठू लागले, अंगावर पुरळ उठावं तसे. पितळेला गंज चढत नाही हे मलाही कळतं. ह्यांनी एका मोडक्या इंजिनातला लोहचुंबक आणून ब्रशाला लावला, तर ब्रश चुंबकाला चटकन चिकटला. आत लोखंड, वर पिवळा मुलामा. त्या लोखंडाचे कण समईत रुतून बसले होते. ते काढायला मला चिंच आणि राख घेऊन बसावं लागलं. हे चुंबक पुन्हा पुन्हा ब्रशाला लावून बघत होते. मला त्यांची दया आली पाहिजे होती. आली नाही. दिवाळी जवळ आली होती आणि माझ्या डोळ्यापुढे गावाकडची पडवी दिसायला लागली होती.

मग ह्यांच्या डोक्यात आलं की आपणच ब्रश करू. मिरजेला सतारीच्या तारा करतात, पितळी अस्सल. मिरजेला जाऊन तार आणली, सुताराकडून लाकडाची चकती करून घेतली, तिला भोकं पाडून तारांचे झुबके बसवले. चार रात्री मीही मदतीला बसले, बोटं सोलली. इंजिन सुरू केलं आणि चाक वेगात आलं, तसे ते झुबके चकतीतून सुटून दारातून बाहेर गेले. बोळात समोरच्या बाईनं पापड वाळत घातले होते. तिनं एक पापड आणून आमच्या दारात धरला. त्यात तारा उभ्या होत्या, सजवल्यासारख्या.

"हे खायाचं का दात कोरायचं?" तिनं विचारलं.

तिला माझ्या डब्यातले पापड द्यावे लागले. तेवढ्यानं ती गेली, पण पुढं कितीतरी दिवस मला बघितलं की दात कोरायची खूण करायची.

मध्येच गावाहून बैलगाडी आली आणि बस्तीची भांडी उतरली. समया, पंचारत्या, अभिषेकाचे कलश, पराती, घंटा, मूर्तीमागची भली मोठी प्रभावळ. सगळी कोळशासारखी काळी. दुसरी जागा नव्हती म्हणून ती आमच्या खोलीत ठेवली, आणि आम्ही दोघं घंटेला पाय लागू नये म्हणून अंग चोरून झोपायला लागलो. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. आमच्या गावात ह्या नावांवरून बोलाचाली बंद झालेली घराणी आहेत. हे एक एक भांडं उजेडात धरून नाव वाचायचे आणि त्यांचा चेहरा उतरत जायचा. माझ्या नावाची अक्षरं गेली तेव्हा पाणी नावात भरत नव्हते. आता नावं दुसऱ्यांची होती.

शेवटी कॅम्पात लष्करी सामानाचा लिलाव झाला आणि तिथून ह्यांनी चौथा ब्रश आणला. मी पाचव्याची वाट बघायला लागले. पण हा ब्रश खरोखर चांगला होता. चुंबक लागला नाही. तार बारीक, आणि सरळ नव्हे तर नागमोडी, शेवयांच्या वाळलेल्या झुबक्यासारखी. बोट दाबलं की दबायची, सोडलं की परत जागेवर यायची. हे म्हणाले, तार अशीच पाहिजे होती, वाकणारी, मी उगाच ताठ तारांच्या मागे लागलो. पहिली पंचारती निघाली ती झकास. नाव शाबूत. मी त्या दिवशी गूळ घालून लापशी केली.

आणि दुसऱ्या दिवशी गाळण्यावर तारा.

मग रोज तारा. ब्रश एका बाजूनं विरळ होत चालला. हे म्हणायला लागले, लढाईतला माल, सगळा असलाच. पुन्हा बाजाराच्या गोष्टी सुरू झाल्या. हुबळीला मिळेल, मुंबईहून मागवू. माझं डोकं तडकलं. तोपर्यंत मी वखारीत फारशी जात नव्हते, पण त्या दिवशी भांडं न्यायच्या निमित्तानं जाऊन उभी राहिले.

चामड्याचा पट्टा आप्पांनी बंद केल्यापासून ह्यांनी तंबू शिवणाऱ्याकडून सुती पट्टा करून घेतला होता, जाड कापडाचे पदर एकावर एक शिवून. तो हवा दमट झाली की सैल पडायचा, आणि बेळगावात हवा कधी दमट नसते? पुलीवरून घसरू नये म्हणून त्याला राळ चोळायचे. मी बघत होते. नुसतं चाक फिरताना ते झकास फिरायचं. समई टेकली की पट्टा सरकायचा, चाक मंद व्हायचं. मंद झालं की काळं निघायचं नाही, म्हणून हे समई जोरानं दाबायचे. दाबली की चाक आणखी अडायचं आणि तारा तुटायच्या. जात्यात मूठभराच्या जागी ओंजळ घातली तर जातं अडतंच. त्यात दगडाचा दोष नसतो.

मी म्हटलं, "अवो, ब्रश चांगला हाय. तुमी दाबताय म्हणून मोडतोय. आन् दाबताय ते पट्टा सरकतोय म्हणून."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

मी घरात आले आणि भाकरी थापायला घेतल्या. त्या दिवशीच्या भाकरी शेजारणीलाही ऐकू गेल्या असतील.

पण माझं बोलणं कुठेतरी त्यांना टोचलं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनाचा आवाज वेगळा आला म्हणून मी डोकावले. माळ्यावरचा चामड्याचा पट्टा काढून त्यांनी चढवला होता आणि एका गिऱ्हाइकाची सायकलची रिम ब्रशाला लावून बघत होते. नुसती टेकवलेली, दोन बोटांनी धरलेली. चाक अजिबात मंद झालं नाही. रिम आरशासारखी झाली आणि खाली एक तार पडली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. म्हणजे घागर, समई आणि पापडांचे ब्रश वाईट होते ते खरं, पण ह्या चौथ्याच्या माथ्यावर उगाच मारलं होतं, दोष होता पट्ट्याचा.

मला वाटलं, सुटलो. आता हाच पट्टा राहू द्यायचा, भांडी उजळायची, आप्पांना कोण सांगतंय. ह्यांनी इंजिन बंद केलं, चामड्याचा पट्टा उतरवला, गुंडाळला आणि सुती पट्टा पुन्हा चढवला.

"हे काय?" मी म्हटलं.

"आप्पांना शब्द दिलाय."

"मग भांडी?"

"बघू. एखादा ह्याच्यापेक्षा चांगला ब्रश मिळंल."

मी कपाळाला हात लावला. राग आला, आणि हा माणूस बापाला फसवणार नाही ह्याचं बरंही वाटलं. पण खरं सांगते, राग जास्त होता. ह्यांचा खरेपणा आणि माझं शेवटचं पान, दोन्ही एकाच तराजूत होतं, आणि तराजू ह्यांच्या हातात होता.

पौष संपत आला तसे आप्पा स्वतःच आले. भांडी किती झाली ते बघायला. झाली होती मोजकीच, तीही त्या पहिल्या चांगल्या दिवसातली. ह्यांनी इंजिन सुरू केलं, सुती पट्ट्याला राळ चोळली, आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत एक मोठी समई ब्रशाला लावली. पट्टा सरकला. ह्यांनी दाबलं. तारा तुटून उडाल्या आणि दोन-तीन आप्पांच्या पांढऱ्या अंगरख्यावर जाऊन बसल्या. आप्पांनी त्या चिमटीनं काढल्या आणि शांतपणे खिशात ठेवल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

"कुलूप हाय का न्हाय वखारीला?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी इंजिन बंद केलं. पट्टा बदलला तर सगळं होतंय, एवढंसुद्धा सांगितलं नाही. मी दाराआडून वाट बघितली. सासऱ्यांशी थेट बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, सुनेनं काय ते नवऱ्याकरवी सांगायचं. पण नवरा पट्टा चाचपत उभा होता. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बाहेर आले.

"आप्पा, मळ्यातली मोट कशाची हाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ह्यांच्याकडे बघितलं. आमच्या मळ्यात विहिरीवर चामड्याची मोट होती, आजोबांच्या वेळेपासून. तिच्याच पाण्यावर ऊस, तिच्याच पाण्यावर तंबाखू, तिच्याच पाण्यावर ते घर.

काठी दुसऱ्या हातात घेऊन आप्पा ह्यांना म्हणाले, "तिला सांग, मोट रानात असती. मोटंचं पाणी देवाला जात न्हाय. देवाचं पाणी कळशीनं शेंदत्यात."

उत्तर खरं होतं. मला ते येणार हे कळायला हवं होतं. सून म्हणून मी तिथेच गप्प बसायला हवं होतं, पण पाऊल बाहेर पडलंच होतं.

"मग तसंच असू द्या," मी म्हटलं. "मोट रानात, तसा पट्टा कारखान्यात. ह्यांनी चामड्याच्या पट्ट्यावर गिऱ्हाइकाचं काम करावं. देवाच्या भांड्यास्नी मशीन लावायचंच न्हाय. ती मी हातानं घासीन."

"समदी?"

"समदी."

पहिल्यांदाच ते माझ्याशी थेट बोलले होते. त्यांनी खोलीत रचलेल्या भांड्यांकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. कदाचित सासूबाईंनी दाबून बघितलेलं मनगट त्यांना आठवलं असेल. "पूजेच्या आत झाली पायजेत," असं म्हणून ते उठले. कुलपाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी घासली. चिंच, राख, विटकरीची वस्त्रगाळ पूड, काथ्या. प्रभावळीच्या नक्षीत काथ्या जात नाही, तिथे चिंचेच्या काडीला चिंधी गुंडाळून कोरत बसायचं. नावाच्या अक्षरांवर नुसतं बोट फिरवायचं. ह्यांनी पाणी शेंदून दिलं, तेवढं खरं, आणि माझ्या शेजारी बसून कौतुकानं बघत राहिले. नखं काळी झाली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, भाकरीचं मीठ लागलं की डोळ्यात पाणी यायचं. घासताना मी मनात सगळ्यांना बोलत होते, आप्पांना, दुकानदाराला, नवऱ्याला आणि सगळ्यात जास्त मला स्वतःला. पण भांडी वेळेत गेली. पूजेला मी गावाकडे गेले तेव्हा बस्तीत दिवे लागले होते आणि प्रभावळ अशी झळकत होती की लोक देवाला नमस्कार करून मग तिच्याकडे बघत उभे राहत. माझ्या थोरल्या जावेनं हळूच विचारलं, "मशीनवर केलं व्हय गं?" मी चिरा पडलेले हात पदराखाली घेतले.

वखार राहिली. चूलही राहिली. चामड्याचा पट्टा चढला तो चढला. कॅम्पातला तो ब्रश, ज्याला मी दिवसरात्र शिव्या दिल्या, तो लढाई संपली तरी चालला. हे त्याला अधूनमधून गजावरून काढून उलटा बसवायचे, म्हणजे एकाच अंगाला वाकलेल्या तारा दुसऱ्या अंगाला वाकतात आणि टोकं पुन्हा तीक्ष्ण होतात. कारखान्यात कुणी आलं की म्हणायचे, ब्रश निवडायला डोळा लागतो. मी आतून ऐकायची आणि भांडं जरा जोरानं ठेवायची. गाळण्यावर तार दिसायची बंद झाली.

दुसऱ्या वर्षी पौषात दारात बैलगाडी उभी राहिली. आप्पांनी भांडी पाठवली होती, आणि ह्या वेळी शेजारच्या गावच्या बस्तीचीही. निरोप होता की सूनबाईचा हात चांगला आहे, दरवर्षी तिच्याकडेच द्यायचं ठरलंय. हे एक एक समई उतरवून घेत होते, अगदी अभिमानानं. आत इंजिन चालू होतं. गजावर तो ब्रश गरगर फिरत होता, पट्टा न सरकता, एकही तार न सोडता. ती सगळी भांडी त्यानं एका दुपारीत उजळून दिली असती.

मी ह्यांना म्हटलं, "एवढा चांगला चालतोय. आता तरी लावा की ह्यास्नी मशीन."

"कसं लावायचं गं?" हे म्हणाले. "आता पट्टा चामड्याचा हाय न्हवं. तूच ठरवलंस की आप्पांच्या म्होरं."

खरंच मीच ठरवलं होतं. मी पदर खोचला आणि चिंच भिजत घातली.